डाव्या बंपरवरच्या रेघा

३ मार्च

प्रिय मेहुणीबाई,

नमस्कार, आशीर्वाद, तब्येतीची चौकशी हे सगळं पोचलं असं समज, कारण मला घाई आहे. गाडीबद्दल विचारायचं आहे. तू म्हणशील, भाऊजींना दुसरं काही सुचतं का? नाही सुचत. तुझी ताई गाडीला 'सवत' म्हणते आणि मी ते मुकाट ऐकून घेतो.

फोनच केला असता. पण मागे तू फोनवर सांगितलेलं मी भलतंच करून ठेवलं आणि तू महिनाभर माझी टर उडवलीस. 'यापुढे लेखी विचारा, लेखी उत्तर मिळेल' हा तुझाच हुकूम.

तर, पुढच्या बंपरवर डाव्या कोपऱ्यात एक खूण उमटली आहे. ओरखडा नव्हे. जाड कापड दाबून धरावं तशी, तळहाताहून थोडी मोठी. समांतर रेघा आहेत. भिंग घेऊन मोजल्या, इंचाला आठ भरल्या. मागच्या आठवड्यात मेण चढवलं आणि ते नीट सुकायच्या आत कव्हर घातलं, त्याचंच हे फळ असावं. कव्हर तू दिलेलं, म्हणून आधी तुझ्यावर चिडलो, मग स्वतःवर. शाम्पूने गेलं नाही. घासायला हात धजत नाही. काय करू ते सविस्तर लिही, आणि लवकर लिही. त्या लाल रंगावर असलं काही दिसलं की मला जेवण गोड लागत नाही.

ताई बरी आहे. जरा सर्दी झाली आहे.

तुझा,
भाऊजी

७ मार्च

प्रिय भाऊजी,

चिडा, चिडा माझ्या कव्हरवर! वाढदिवसाला स्वतःच्या हाताने शिवून दिलं त्याचे हे पांग फेडताय.

तुमचं निदान बरोबर आहे, यावेळी चक्क. ओल्या मेणावर कव्हर घातलं की कापडाची वीण उमटते. असे दोन-तीन शहाणे दर महिन्याला माझ्या वर्कशॉपमध्ये तोंड पाडून उभे राहतात. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चकचकीत करून पोट भरते आहे, तेव्हा घाबरू नका. जाईल.

आधी सगळी गाडी धुवा. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळूनच शाम्पूत बुडवायचं, नाहीतर तुम्ही धूळच गाडीभर फिरवत बसाल. चाकांचं फडकं वेगळं. छतापासून खाली यायचं. पुसताना टॉवेल ओढायचा नाही, टेकवून उचलायचा. मग त्या खुणेवर कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं धरा, मेण मऊ पडेल. ते टिपून घ्या आणि बारीक पॉलिश हाताने लावा, सरळ रेघेत, गोल गोल नाही. मशीनला हात लावायचा नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, तापला की रंग गेलाच म्हणून समजा. दोन-तीन दिवस थोडं थोडं करा. शेवटी नवीन मेण, आणि ते सुकेपर्यंत हाताची घडी घालून बसा.

आणि समोरच्या काचेला मेण लावू नका! मागे तुम्ही हौसेने लावलं होतंत, मी खरवडून काढलं होतं. काचेला चमक नको असते, आरपार दिसायला हवं असतं.

ताईला म्हणावं सवतीचे लाड होताहेत तोवर तूही एखादी मागणी पुरी करून घे. नऊ वर्षांत तिला एकदा तरी गाडी चालवू दिलीत का हो? बाबांच्या जुन्या गाडीवर ती माझ्याआधी शिकली होती.

तुमची,
मेहुणी

१५ मार्च

प्रिय मेहुणीबाई,

तू सांगितलंस तसंच केलं. रेघा जवळजवळ गेल्या. आता उन्हात तिरकं बघितलं तरच दिसतात, तेही मला. दुसऱ्या कुणाला दिसणार नाहीत ना?

बंपरच्या खाली जी काळी, बिनरंगाची पट्टी असते, तिच्यावरही तीन-चार रेघा आहेत. तिथे पॉलिश चालत नाही असं डब्यावर लिहिलं आहे. तिचं काय करायचं? पट्टी बदलायची तर गॅरेजमध्ये न्यावी लागेल आणि मला ते नको आहे. लोक गाडी वेडीवाकडी हाताळतात.

उत्तर लवकर दे.

भाऊजी

१९ मार्च

छोटे,

किती दिवसांनी तुला लिहिते आहे. अक्षराकडे बघू नकोस, उजवं मनगट मुरगळलं आहे.

इथे एक वाईट गोष्ट झाली. आमच्या गल्लीच्या टोकाला शिंपीकाका राहतात, तुझा निळा कोट ज्यांनी सैल करून दिला होता ते. सत्तावीस फेब्रुवारीला संध्याकाळी कालव्याच्या वळणावर त्यांना गाडीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. तीन आठवडे झाले. डोळे उघडतात, पण कुणाला ओळखत नाहीत. मी दिवसाआड इस्पितळात जाते. त्यांच्याशी बोलेल असं कुणीच नाही, म्हणून मीच बोलत बसते, आज ऊन पडलं, आज तुमच्या दुकानासमोर मांजर बसली होती, असलं काहीबाही.

बेकरीच्या व्हॅनचा ड्रायव्हर त्यांच्याजवळ सापडला, त्याला पोलिसांनी धरलं आहे. तो म्हणतो मी मदत करायला थांबलो होतो, आधीच पडलेले होते. कुणाचा विश्वास बसत नाही. त्याची बायको रोज चौकीच्या पायरीवर येऊन बसते. काल मी त्या रस्त्याने जायचं टाळलं.

काकांचा तो तपकिरी कॉर्डरॉयचा कोट आठवतो का तुला, जाड रेघांचा, ज्याच्यावरून तू त्यांना चिडवायचीस? नर्सने तो घडी करून पिशवीत घालून पलंगाखाली ठेवला आहे. डावी बाही कोपरापर्यंत उसवली आहे. मी म्हटलं, मी शिवून आणते. नर्स म्हणाली, राहू द्या, पोलीस मागतील.

हे रोज गाडी धुतात. रोज! ऑफिसला जायच्या आधी बादल्या घेऊन बसतात आणि ऑफिसला मात्र बसने जातात. घरात फार कमी बोलणं होतं हल्ली.

तू इतक्यात येऊ नकोस.

तुझी,
ताई

२४ मार्च

भाऊजी,

काळ्या पट्टीचं उत्तर नंतर. आधी मला एक सांगा.

माझ्याकडे एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर तुमच्या कव्हरचं जुळं भावंड घातलेलं आहे. एकाच ताग्यातून दोन्ही शिवली होती. ताईचं पत्र वाचल्यावर मी उठून ते उलटं करून पाहिलं. आतून मऊ लव असलेलं कापड आहे. रेघ नाही, वीण नाही. हे कापड मी निवडलं, मी बेतलं, मी शिवलं, आणि तुम्ही 'कव्हर' म्हणालात तर मी मान डोलावून मोकळी झाले. कव्हरची खूण बॉनेटवर उमटते, जिथे त्याचं वजन पडतं. बंपरच्या खालच्या कोपऱ्यात कव्हर टेकतसुद्धा नाही. नवशिक्याला कळलं असतं. माझं शहाणपण दाखवायच्या नादात मला कळलं नाही.

मग मी भंगारातल्या एका बंपरवर ताजं मेण लावलं, माझी जुनी कॉर्डरॉयची पँट वाळूच्या पिशवीला गुंडाळली आणि जोरात आदळली. पाच वेळा केलं. पाचही वेळा रेघा उमटल्या. इंचाला आठ. तुमचा आकडा बरोबर होता.

मला राग आला आहे की भीती वाटते आहे, सांगता येत नाही. एक माणूस तिकडे पडून आहे, दुसरा कोठडीत आहे, आणि ते पुसायचं कसं हे मी तुम्हाला दोन बादल्यांपासून शिकवलं, वर विनोद करत.

तुम्ही होतात का त्या वळणावर? हो की नाही, एवढंच लिहा.

मेहुणी

२९ मार्च

प्रिय मेहुणी,

फोन करू नकोस, ही घरातच असते.

खोटं लिहीत नाही. आपल्याच गाडीने झालं. याच्यापुढे मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

दोष माझा आहे, हे मात्र नक्की लिहून ठेव. त्या दिवशी सकाळी मी गाडीला मेण लावलं आणि उरलेलं समोरच्या काचेला चोळलं. काचही चमकावी म्हणून. मागे काच खरवडून काढलीस तेव्हाच तू बजावलं होतंस तरी. संध्याकाळी कालव्याच्या वळणावर ऊन नेमकं समोरून येतं. मी नंतर तिथे जाऊन, गाडीत बसून पाहिलं. काच पांढरीफटक होते. रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही, काही दिसत नाही.

मी रोज गाडी धुतो ते डागासाठी नाही. डाग कधीच गेला. हाताला काम नसलं की डोक्यात तेच सुरू होतं.

ड्रायव्हरला सोडतील. पुरावा काय आहे त्याच्याविरुद्ध? त्याच्या व्हॅनवर ओरखडासुद्धा नाही. थोडा धीर धर. आणि हे लिहायला लाज वाटते, पण तो डाग कसा पुसायचा हे तुझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. चौकशी झाली तर तुलाही ओढतील. सगळं घर उद्ध्वस्त होईल.

तुझ्या ताईसाठी गप्प राहा. मी तुझ्यापुढे हात जोडतो.

भाऊजी

२ एप्रिल

भाऊजी,

माझ्या अक्षराची भीती मला घालू नका. ते पत्र जपून ठेवा, मीच मागेन तेव्हा पोलिसांपुढे ठेवा. मी मूर्ख ठरेन, फार तर गुन्हेगार. वर्कशॉप बंद पडलं तर पडेल.

तुम्हाला वाटतं डाग गेला. पॉलिशने डाग जात नाही, भाऊजी. भोवतालचा रंग झिजून त्याच्या पातळीला येतो एवढंच. तिथे रंग पातळ झाला आहे आणि तो मोजायचं यंत्र माझ्यासारख्या कुणाहीकडे असतं. काळ्या पट्टीवरच्या रेघा तर जन्मात जाणार नाहीत, हे त्या पत्राचं राहिलेलं उत्तर. पुरावा आहे. बघणारा हवा.

आणि ड्रायव्हरला सोडतील म्हणे! तो थांबला. त्या रस्त्यावर थांबणारा तो एकटाच होता आणि तोच आत बसला आहे. तुम्हाला रात्री डोळा कसा लागतो?

ताईचं नाव पुढे करून तिच्या पदराआड लपू नका. माझ्या ताईला मी ओळखते. लहानपणी शेजारच्यांची काच माझ्याकडून फुटली तर मला बखोटीला धरून त्यांच्या दारात उभी करायची. तिला हे कळलं तर ती तुम्हालाही तशीच घेऊन जाईल.

पंधरा तारखेपर्यंत वाट बघते. जो स्टिअरिंगवर होता त्याने स्वतःच्या पायाने चौकीत जावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं. नाहीतर सोळाला मी तुमची तिन्ही पत्रं घेऊन तिकडे येते. कुणाची बायको रडेल, कुणाचं घर मोडेल, मी बघणार नाही.

मेहुणी

८ एप्रिल

छोटे,

तुझं दोन तारखेचं पत्र ह्यांच्या नावाचं होतं. हे ऑफिसला गेले होते, मी फोडलं. मग कपाटात शोधून आधीची दोन्हीही वाचली. रागावू नकोस. तुझ्या अक्षरातलं काहीही मला कधी परकं वाटलं नाही.

मी चालवत होते.

एकदा लिहिलं म्हणजे पुढचं लिहिता येईल असं वाटलं होतं, पण दोन तास झाले नुसती बसून आहे.

त्या दिवशी सकाळी ह्यांनी मेण लावलं आणि आभाळ भरून आलं म्हणून गाडी पोर्चमध्येच ठेवून बसने गेले. नव्या मेणावर पावसाचे थेंब नकोत! मला दुपारी बाजारातून दोन जड पिशव्या घेऊन चालत यावं लागलं. घरी आले तर आभाळ मोकळं झालेलं आणि दारात ही लाल बया चमकत उभी. माझं डोकं फिरलं. नऊ वर्षांत एकदा तिच्या किल्लीला हात लावू दिला नाही. म्हटलं, आज एक चक्कर मारतेच. कळलं तर कळू दे.

किती छान चालते गं ती. मी हसत होते. खरंच सांगते, वळणापर्यंत मी एकटीच मोठ्याने हसत होते.

मग काच पांढरी झाली. मी ब्रेक दाबला तोवर आवाज झाला होता. उतरले. काका कुशीवर पडले होते, हात हलत होता. मी 'काका' म्हणून हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून व्हॅन येताना दिसली आणि माझ्या मनात आलं, आता यांना बघणारं कुणीतरी आहे. एवढंच मनात आलं. मी गाडीत बसले आणि निघून आले. पुढे त्या ड्रायव्हरचं काय होईल हे तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा मी गप्प राहिले. हा माझा गुन्हा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

ह्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ह्यांनी उठून बादल्या काढल्या. माझ्याकडे मात्र पाहत नाहीत, आणि मी समजत होते की गाडी खराब केली म्हणून पाहत नाहीत. कपाटात ह्यांनी तुला लिहिलेल्या पत्राचा कच्चा खर्डाही होता, त्यातलं काचेचं वाचलं तेव्हा कळलं की ते स्वतःलाच दोष देताहेत.

काल रात्री मी ह्यांना तुझं पत्र दाखवलं. म्हणाले, मी जातो, मीच चालवत होतो असं सांगतो, कुणाला काय कळणार आहे. कपडेसुद्धा काढून ठेवले. मी ते परत कपाटात ठेवले. तू लिहिलं आहेस, जो स्टिअरिंगवर होता त्याने. तू शेजारच्या काचेची आठवण काढलीस ते वाचून मला हुंदका आवरेना. तुला वाटते तशी मी आता राहिलेली नाही. पण तू तसं लिहून ठेवलंस, आता मला जावंच लागेल.

तेरा तारखेला जाईन. तोवर काकांना दोनदा भेटून घेते. पुन्हा तिथे मला कुणी आत सोडणार नाही.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तुझा आवाज ऐकला तर माझं जाणं राहून जाईल.

तुझी,
ताई

११ एप्रिल

ताई,

सतरा फोन केले. तू उचलत नाहीस म्हणून हे लिहिते आहे आणि स्वतः जाऊन सगळ्यात लवकरच्या टपालात टाकणार आहे.

जाऊ नकोस.

मी ते पत्र भाऊजींना लिहिलं होतं गं. तुला नाही. तुला मी असं कधीच लिहिलं नसतं. भाऊजी तयार आहेत ना? मग जाऊ दे त्यांना. काच त्यांनीच खराब केली, अर्धा दोष त्यांचा आहेच, ते स्वतः म्हणताहेत. त्यांना तुरुंग झेपेल. तुला नाही झेपणार. ड्रायव्हर सुटेल, काकांना न्याय मिळेल, कुणाचं काही बिघडणार नाही. पोलिसांना एक माणूस हवा असतो, तो मिळाल्याशी कारण.

मला ठाऊक आहे मी काय लिहिते आहे. नऊ दिवसांपूर्वी मीच 'कुणाचं घर मोडेल ते बघणार नाही' असं तोऱ्यात लिहिलं. तेव्हा ते दुसऱ्याचं घर होतं. मी खोटारडी आहे, भित्री आहे, जे म्हणशील ते आहे. आई गेल्यावर माझी वेणी तू घातलीस, मला शाळेत तू सोडलंस. मला तूच एक आहेस. मी माझी सगळी पत्रं परत घेते. सोळाला येणार नाही. कुणालाही काही सांगणार नाही.

ताई, पाया पडते. जाऊ नकोस.

छोटी

१६ एप्रिल

छोटे,

मी तेरा तारखेला सकाळी गेले. हे बरोबर आले होते, पण दारात थांबवलं त्यांना. सगळं सांगायला तास लागला. लिहून घेणारा पोरसवदा होता, मध्ये मध्ये मला पाणी हवं का विचारत होता. सध्या घरी सोडलं आहे, तारीख पडेल तेव्हा जायचं. वकील म्हणतात, शिक्षा होईल, किती ते सांगता येत नाही. गाडी ओढून नेली. तुझ्या पहिल्या पत्राचं ह्यांनी सांगून टाकलं, तू निर्दोष आहेस हे कळावं म्हणून. तुला विचारतील, खरं ते सांग.

ड्रायव्हरला त्याच दुपारी सोडलं. त्याची बायको पायरीवरच होती. मी बाहेर पडताना ती माझ्याकडे बघून हसली, तिला अजून माहीत नव्हतं. मला वाटतं आता कळलं असेल.

काकांना मी बाराला सगळं सांगितलं. त्यांना समजलं की नाही देव जाणे. माझ्याकडे बघत राहिले, मग तोंड भिंतीकडे वळवलं. कदाचित नुसती कूस बदलली असेल.

हे आता माझ्याकडे बघतात. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसतो. पुढचं मला माहीत नाही.

तुझं पत्र चौदाला आलं. मी ते फाडलं नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. त्यासाठी स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. माझ्यासाठी तू खोटं बोलायला तयार झालीस, मीही तुझ्यासाठी झाले असते. फक्त एक तुला सांगायलाच हवं, कारण आता आपल्यात काही लपवायचं नाही असं मी ठरवलं आहे. ते दोन दिवस आधी आलं असतं, तर मी गेले नसते.

तुझी,
ताई